खाणीचं मीठ

९ मार्च

वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र हातातही घेणार नाहीस, म्हणून पत्ता पोस्टमास्तरांकडून लिहून घेतलाय. एवढी लबाडी चालवून घे.

मी कुणाच्या वतीने लिहीत नाहीये. आईला ठाऊकही नाही. ती खाली गोठ्यात आहे आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेय. इथे तू ठकूला मांडीवर घेऊन बसायचीस. खिडकीला अजून तुझा तो निळा पडदा आहे. आईने काढला नाही आणि मीही काढला नाही.

काल कवडी शेळी व्याली. दोन करडं, दोन्हीही तशीच. अंगावर केसाचा पत्ता नाही, कातडी ओल्या फडक्यासारखी, आणि गळ्याखाली तो गोळा. एक जन्मलंच नाही म्हणायचं. दुसरं दुपारपर्यंत धापा टाकत होतं. मी त्याला चुलीजवळ दादाच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. आईने पाहिलं, पण स्वेटरबद्दल काही बोलली नाही. एरवी ती दादाच्या कपड्यांना कुणाला हात लावू देत नाही, तुला माहीतच आहे.

तू निघालीस त्या दिवशी ती तुला 'पांढऱ्या पायाची' म्हणाली. "आधी माझा मुलगा खाणीत गेला, आता माझी जनावरं," म्हणाली. मी 'आई, पुरे' म्हटलं होतं. तू तेव्हा उंबऱ्यापाशी होतीस, तुला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. पण काल मी तिला सरळ विचारलं, "वहिनी जाऊन महिना झाला. मग शेळ्या बऱ्या व्हायला हव्या होत्या ना? का नाही झाल्या?" तिने हातातलं पातेलं असं आपटलं की त्याला पोचा पडला.

उद्या-परवाकडे जनावरांची डॉक्टरीण येणार आहे. नवीन आहे म्हणे.

ठकू कशी आहे? शेजारीण परवाच म्हणत होती, असं गुणी बाळ पाहिलं नाही, भूक लागली तरी रडत नाही, आईलाच उठवून पाजावं लागतं. तिकडेही तशीच झोपून असते का? एक ओळ लिही. पत्त्यावर माझं नाव नको, पोस्टमास्तरांचं टाक.

तुझी धाकटी


१० मार्च

वहिनी,

हे घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे. शेवटपर्यंत वाच. मध्येच ठेवून देऊ नकोस.

डॉक्टरीणबाई आल्या. आवाज मोठा, बूट त्याहून मोठे. त्यांनी मेलेलं करडू ओट्यावर ठेवायला लावलं आणि गळ्याखाली कापलं. आतून लालभडक गाठ निघाली, कोंबडीच्या अंड्याएवढी. "एवढ्याशा पिल्लात ही बोटाच्या पेराएवढीही नसते," म्हणाल्या. "काय घालता शेळ्यांना?"

आईने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "कोबी." भाज्या डब्यात भरायचा कारखाना निघाल्यापासून वरची पानं फुकट मिळतात, थंडीभर हिरवा चारा, आमच्या शेळ्या बघा कशा गुबगुबीत आहेत, वगैरे सगळं.

"शेळ्या गुबगुबीतच दिसणार," बाई म्हणाल्या. "भोगतं ते पोटातलं. आणि मीठ?"

आईने दादाच्या पोत्यातला खडा आणून दाखवला. "आमच्या खाणीतलं. माझ्या मुलाने खणलेलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मला कळलं तसं तुला लिहिते. गळ्यात एक गाठ असते, प्रत्येकाच्या. अंगाची वाढ, ऊब, डोक्याची हुशारी, सगळं तिच्या जिवावर. तिला आयोडीन लागतं, अगदी चिमूटभराहूनही कमी, पण लागतंच. कोबीच्या पानात असं काही असतं की ते त्या गाठीला आयोडीन घेऊ देत नाही. मग गाठ बिचारी फुगत जाते, फुगत जाते, आणि काम तर होतच नाही. जिथे आयोडीन भरपूर तिथे कोबी खाऊनही निभावतं. आपल्या खोऱ्यात ते मातीत नाही, पाण्यात नाही, आणि खाणीच्या मिठात तर मुळीच नाही. दुकानातल्या पुडीच्या मिठात घातलेलं असतं. ते आईने घरात येऊ दिलं नाही. मुलाने खणलेलं मीठ असताना विकतचं कशाला, हे तिचं वाक्य तूही ऐकलंयस.

मी विचारलं, "म्हणजे विष कशात, कोबीत का मिठात?"

"विष कोबीत," त्या म्हणाल्या, "आणि उतारा मिठात असायला हवा होता, तो नाही."

मग त्या आईच्या गळ्याकडे बघायला लागल्या. मग माझ्या. आईने पदर सारखा केला आणि हसून म्हणाली, "हा आमच्या खोऱ्यातल्या बायकांचा दागिना." बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "याला गलगंड म्हणतात. घरात लहान बाळ आहे?"

"होतं," आई म्हणाली.

वहिनी, त्यानंतर त्यांनी जे विचारलं ते मी जसंच्या तसं लिहिते. बाळ रडतं का? जीभ जाडसर, बाहेर डोकावते का? हातपाय थंड असतात का? बेंबी वर आलेली आहे का? आवाज घोगरा आहे का? शी दोन-दोन दिवस होत नाही का? आई एकेकाला हो म्हणत गेली आणि तिचा आवाज खाली खाली येत गेला. आधी तिने 'गुणी आहे हो' असं म्हटलं होतं. नंतर नुसती मान हलवत होती.

तेवढ्यात मामा बादली घेऊन आत आला. बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आपल्याला त्याची सवय झालीय, वहिनी. तो एवढासा उंच का, त्याला ऐकू का येत नाही, पन्नाशीतही तो लहान मुलासारखा का हसतो, हे आपण कधी विचारलंच नाही. मामा म्हणजे मामा. बाईंनी आईला अगदी हळू विचारलं, "हे लहानपणी रडायचे का?"

आई पालथ्या बादलीवर बसली. म्हणाली, "मीच सांभाळायचे त्याला. आमची आई शेतात जायची. म्हणायची, असं शहाणं लेकरू गावात कुणाचं नाही."

मामाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला बरं नाही असं त्याला वाटलं असेल.

वहिनी, ठकूला आजच्या आज डॉक्टरकडे ने. बाई म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर, माझ्या शब्दावर बसू नका, माणसांच्या डॉक्टरला दाखवा. रक्त तपासतात. गोळी असते, रोज कुस्करून द्यायची. जितकी लवकर सुरू होईल तितकं बाळाचं डोकं वाचेल." बोलताना त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

माझ्यावर, आईवर, सगळ्या घरावर राग धर. जन्मभर धर. पण आधी जा.

धाकटी


२ एप्रिल
(उघडं कार्ड)

वहिनी, पत्र परत आलं. वर तुझ्या भावाच्या अक्षरात 'घेतले नाही'. म्हणून हे कार्ड, पोस्टमनने वाचावं, तुझ्या भावाने वाचावं, कुणीही वाचावं आणि तुला सांगावं. ठकू शांत नाही. ती आजारी आहे. गळ्यातल्या गाठीचा आजार आहे, औषध आहे, पण रोज उशीर होतोय. करडं मेली ती याच आजाराने. तुझ्या पायाने नाही. आई आज पहिल्या गाडीने तुझ्याकडे निघाली आहे. भांडायला येत नाहीये. दार उघड.


२१ एप्रिल

वहिनी,

आई सुखरूप घरी पोचली. तिकडे काय झालं ते तुला माहीत आहे. तुला न दिसलेलं तेवढं सांगते.

निघताना तिने धड काही बरोबर घेतलं नाही. खायचंही नाही. गोठ्याचेच कपडे अंगावर. मी म्हटलं, साडी तरी बदल, तर म्हणाली, "मी पाहुणी म्हणून चाललेय का?" मामाला वाटलं ती नेहमीच्या बाजाराला चाललीय. तो गाडीच्या मागे वळणापर्यंत पळाला.

तुझ्या भावाने दारात विचारलं ना, आता काय न्यायचं राहिलंय? आई मला म्हणाली, "बरोबर विचारलं त्याने." त्यावर ती काय बोलली ते तू ऐकलंसच, की काही न्यायला आले नाही, बाळाला दवाखान्यात घेऊन चल, मी मागून येते, जवळ येत नाही. तुम्ही पुढे, ती मागे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने. तुझ्या खांद्यावर ठकूचं डोकं होतं, डोळे उघडे, पण कुठेच बघत नव्हते. आई म्हणते, "घरात असताना मला ते कधी दिसलंच नाही. मला वाटायचं, ती मलाच बघतेय."

दवाखान्यात ती चपला काढून ठेवतात तिथे बसून राहिली. मग तुझ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं, गळा चाचपला, खोऱ्याबद्दल विचारलं. उशीर झालाय पण फार नाही, काही गोष्टी भरून येतील, काही येणार नाहीत, किती ते आत्ता सांगता येत नाही, असं म्हणाले. आणि तुला म्हणाले, "तुम्ही इथे निघून आलात हे फार बरं केलंत. इथे समुद्राची मासळी खाताय, पुडीचं मीठ खाताय, दुधातून थोडं तरी बाळाला गेलंय. पण मग बाळंतपणालाच का नाही आलात? शेवटचे महिने इथे काढले असते तर खूप फरक पडला असता."

तू आईकडे पाहिलंस.

दादा गेल्यावर तू किती वेळा म्हणालीस, मला माझ्या आईकडे जाऊ द्या. आणि आई म्हणायची, "त्याचं एवढंच उरलंय, ते याच घरात जन्माला येईल." आणि वर तुला सकाळ-संध्याकाळ कोबी शिजवून घालायची. खा, पोटातल्यासाठी खा. तू ताट बाजूला सारलंस की डोळे पुसायची. खोटं नव्हतं ते, वहिनी. ते तुला चांगलं व्हावं म्हणूनच होतं. मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, शिजवल्यावर कोबीचा दोष बराचसा जातो, नुसत्या कोबीने असं होत नाही, खरा घात मिठाने आणि मातीने केला. हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मीठही मीच वाढत होते."

आई म्हणते, "तिने डॉक्टरसमोर माझं नाव घेतलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती गप्प राहिली." हे ती मला गोठ्याच्या दारात उभं राहून सांगत होती, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिने दादाचं मिठाचं पोतं ओढत ओढ्यावर नेलं. मी आड आले नाही. एकदम ओतलं असतं तर झालं असतं, पण ती एकेक खडा पाण्यात सोडत बसली. मोठे खडे विरघळायला किती वेळ घेतात, मला कल्पनाच नव्हती. मामा तिच्या शेजारी बसून तिला खडे काढून देत होता. त्याला तो खेळ वाटला. मध्येच एक खडा त्याने तोंडात टाकला, तर आईने बोट घालून तो बाहेर काढला आणि मग ती त्याला धरून रडली. दादा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

शेळ्यांना आता औषध पाजतो, कोबी बंद केलाय. उशिरा व्यालेल्या दोघींची करडं केसांसकट जन्मली, पण एकाच्या गळ्याला गाठ आहेच. बाई म्हणतात जगेल.

आणि तुझं कार्ड परवा आलं. "गोळी सुरू केली. काल पहिल्यांदा मोठ्याने रडली, अख्खी गल्ली जागी झाली. मी परत येणार नाही." तीन वाक्यं. आईने मला ती पुन्हा पुन्हा वाचायला लावली. मला वाटलं तिसऱ्या वाक्याशी ती थांबेल, काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "तिला लिही, येऊ नकोस. तिथेच राहा."

वहिनी, हे रागाने नाही. एवढं तुला कळेल.

धाकटी


१७ ऑक्टोबर

वहिनी,

तुझं मोठं पत्र मिळालं. पहिल्यांदा एवढं लिहिलंस. ठकू आधाराने बसते हे वाचून बरं वाटलं. ऐकायला कमी येतं हे वाचून काय वाटलं ते लिहीत नाही. तू विचारलंस, 'एका कानाने तरी येईल का हो, तुमच्या बाई काय म्हणतात?' आमच्या बाई काय म्हणणार! शेळ्यांच्या कानाचं विचार, धडाधड सांगतील. तुझे डॉक्टर म्हणतायत वाट पाहू, तर वाट पाहू. जाळी विणायच्या कामावर तिला बरोबर नेतेस हे चांगलं करतेस. चार माणसांची तोंडं दिसतील, ओठ हलताना दिसतील.

आई महिन्यापूर्वी मामाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेली होती. मला न सांगता. तिने डॉक्टरांना विचारलं, तीच गोळी याला दिली तर? त्यांनी नीट तपासलं. म्हणाले, "थोडी तरतरी येईल, सुस्ती जाईल, अंगात ऊब राहील. बाकी आता नाही." तिने विचारलं, "कधी दिली असती तर?" "जन्मल्या जन्मल्या."

घरी येऊन ती म्हणाली, "तेव्हा गोळी होती की नाही ते विचारायचं राहिलं." मी म्हटलं, "नसणार, आई." ती म्हणाली, "नसेलच." पण ते तिचं तिलाच सांगणं होतं.

मामा आता गोळी घेतो. खरंच थोडा जागा झालाय. बादल्या भराभर नेतो, मला चिडवतो, माझी चप्पल लपवून ठेवतो. आईला मात्र धाप लागते. डॉक्टर म्हणाले तिची गाठ आतल्या बाजूने वाढून श्वासनळीवर दाब देतेय, ऑपरेशन करून घ्या. ती म्हणते, शेळ्या विऊ देत, मग बघू.

ठकूचा एखादा फोटो निघाला तर पाठव. आई मागणार नाही, म्हणून मी मागतेय.

धाकटी


२६ जानेवारी

वहिनी,

आई गेली. थंडीत छाती भरली, त्यात तो गळ्यावरचा दाब. दवाखान्यात नेलं होतं, पण श्वास पुरला नाही. फार त्रास झाला नाही असं मी सगळ्यांना सांगते. तुला सांगत नाही.

तू पाठवलेला फोटो तिने भिंतीला लावला नव्हता. उशीखाली ठेवायची. कुणी आलं की दाखवायची आणि म्हणायची, "ही तिकडे वाढतेय." तिकडे म्हणजे कुठे, ते कुणी विचारलं तर उत्तर द्यायची नाही, जसं काही नाव घेतलं की आपण तुला परत बोलावल्यासारखं होईल.

तुझं पत्र ती गेल्यानंतर आलं. 'आईंना म्हणावं, उन्हाळ्यात या. ठकू धरून उभी राहते. आजी आहात तिच्या, तर बघून जा.' एवढं तू लिहिलंस आणि वाचायला ती नव्हती. मला ते कुणाला तरी वाचून दाखवायचं होतं. मी मामाला समोर बसवलं आणि मोठ्याने वाचलं. त्याला ऐकू येत नाही, पण शेवटच्या शब्दापर्यंत तो माझ्या ओठांकडे बघत होता.

शेळ्या मी निम्म्या देऊन टाकते आहे. मला एकटीला झेपत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी माझ्या गाठीच्या ऑपरेशनची तारीख ठरवलीय, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे. मी आईसारखी पुढे ढकलणार नाही. त्याच्या आधी एकदा तिकडे यावं असं मनात आहे. तू आईला बोलावलं होतंस. तिच्या जागी आम्ही दोघं आलो तर चालेल का? राहायला नाही. बघून जायला.

मामाला अनोळखी घरात पहिल्या दिवशी जेवण जात नाही, त्याचं मनावर घेऊ नकोस. लहान मुलांशी त्याचं जमतं, तू पाहिलंच आहेस. ठकू तान्ही असताना तू तिला त्याच्या हातात द्यायचीस तेव्हा तो श्वासही हळू घ्यायचा. पण आता तू त्याला त्या नजरेने बघणार नाहीस, हे मी समजू शकते. त्याच्या तोंडात तुला ठकूचं तोंड दिसेल. घाबरू नकोस. तिला गोळी मिळाली, त्याला नाही मिळाली. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

नको वाटलं तर सरळ नको म्हण. मी रागावणार नाही. पण काय ते कळव, आणि जमलं तर आणखी एक सांग. तू आता ठकूशी हातवारे करून बोलतेस असं लिहिलं होतंस, दवाखान्यातल्या बाई शिकवतात म्हणून. मला त्यातलं थोडं लिहून पाठवशील? मामा रोज सकाळी आईच्या खाटेपाशी जाऊन उभा राहतो आणि माझ्याकडे वळून बघतो. ती गेली, हे त्याला कसं सांगायचं ते मला येत नाही.

तुझी,
धाकटी